असर ते मगरिब, तळ्याकाठी

उल्हासनगरचे कॅम्प पाच, आणि मे महिन्यात पाचही कॅम्पांत विषय एकच असतो, पाण्याचा. नळ किती वाजता आला, मोटर लावली का, वरची टाकी भरली का. आमचे घर कॅम्प २ मध्ये. गोल मैदान, जपानी बाजार, गजानन मार्केट ही नावे आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना लग्नाच्या खरेदीमुळे ठाऊक असतील. इथे शरारे मिळतात, दुपट्ट्याला हवा तो काठ लावून मिळतो, सकाळी दाल-पकवान मिळते. गळ टाकून बसावे असे पाणी मात्र आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात कुठेही नाही.

आणि शहराचे नाव तर नदीवरून पडलेले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराने बराकी बांधल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना त्याच बराकींत जागा मिळाली, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. ती उल्हास नदी शहराच्या कडेने जाते. शहराच्या मधून वाहते ती वालधुनी. अंबरनाथच्या डोंगराकडून निघायचे, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून वळायचे आणि कल्याणला खाडीत मिळायचे, एवढाच तिचा प्रवास. पण वाटेत कारखान्यांचे पाणी आणि वस्त्यांचे सांडपाणी घेत ती काय होऊन गेली आहे ते रेल्वेच्या खिडकीतूनही कळते. २०१४ च्या अखेरीस कुणीतरी टँकरने तिच्यात रसायन ओतले, तेव्हा काठावरच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना, दवाखान्यांत खाटा पुरेनात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. 'आपली नदी' या धड्यानंतर चित्र काढायला सांगितले, तर एका मुलीने नदीला काळा रंग दिला. तिला चूक कसे म्हणणार?

म्हणून आमचे अब्बा मासे धरायला जातात ते शहर सोडून, मुरबाड रस्त्याने, रायत्याच्या पुलाच्या पलीकडे. तिथे रस्त्यापासून आत एका पाड्याच्या कडेला लहानसे तळे आहे. नाव सांगत नाही. सांगितले तर पुढच्या रविवारी तिथे बसायला जागा उरणार नाही, अशी अब्बांची ताकीद आहे.

अब्बा पैठणकडचे. गोदावरीच्या काठी लहानपणी मरळ आणि वाम धरणारे. नोकरीसाठी शहाडला आले, कॅम्प २ मधल्या एका बराकीची अर्धी खोली भाड्याने घेतली आणि इथलेच झाले. ड्युटी तीन पाळ्यांची, सुटी एक. ती एक सुटीही तळ्यावर जाते म्हणून अम्मी कुरकुरायची. आता निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, गुडघे बोलतात, एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. एकट्याने एसटीने जाणे आम्ही बंद केले. तेव्हापासून त्यांच्याबरोबर कुणीतरी जायचे असा घरात ठराव आहे, आणि मे महिन्यात शाळेला सुटी असल्याने ती पाळी माझी. या वेळी माझा मुलगाही आला. दहावीची परीक्षा संपलेली, निकाल यायचा, आणि दिवसभर मोबाइलवर परदेशातले लोक मासे कसे धरतात ते पाहण्याचा नाद लागलेला. त्याने स्वतःच्या ईदीच्या पैशांतून चाकवाली काठी विकत घेतली होती.

मेच्या मध्यावर आपल्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतरचा रविवार. चार वाजता रिक्षात बसलो तेव्हा सीट तापलेली. काठ्या मावेनात, त्या तिरक्या करून बाहेर काढल्या. शहाड, बिर्ला गेट, म्हारळ, वरप, कांबा. म्हारळ सुटले की हवा बदलते असे अब्बा म्हणतात. मला तरी रायत्याचा पूल येईपर्यंत फरक जाणवत नाही. पुलाखाली उल्हास नदी. खालच्या बाजूला मोहन्याकडे याच नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. लांबून तो फार सुंदर दिसतो. मुलाने फोटो काढायला मोबाइल काढला तेव्हा मी त्याला सांगितले की पाण्यात घाण जितकी जास्त तितकी ही वाढते.

तळे कसे असेल याची कल्पना करताना पोस्टकार्डावरचे तळे डोळ्यांपुढे आणू नका. मेच्या अखेरीस ते निम्मे आटलेले असते. कडेला चिखल वाळून त्याच्या फरशा झालेल्या, त्यांत गुरांच्या खुरांचे ठसे. एका बाजूला बांध, बांधावर तीन करंज आणि एक जांभूळ. समोर एक खंड्या तारेवर बसलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा जांभळाखाली सडा पडला होता आणि पाड्यावरची पोरे दात जांभळे करून फिरत होती. पाणी हिरवे. मुलाने नाक मुरडले, तर अब्बा म्हणाले, "हरा पानी जिंदा पानी होता है, बेटा. काँच जैसा पानी हो तो मछली खाएगी क्या?" ते खरे आहे. तो हिरवेपणा सूक्ष्म शेवाळाचा, आणि माशांचे अर्धे जेवण त्यातूनच येते.

तळे ग्रामपंचायतीचे. मासे मात्र ज्याने ठेका घेतला त्याचे. ते गावातले आगरी गृहस्थ, आम्ही त्यांना मामा म्हणतो. एका गळामागे शंभर रुपये, अर्धा किलोच्या आतला मासा परत पाण्यात, आणि जाळे कुणी आणायचे नाही, हे त्यांचे नियम. अब्बांकडून ते पैसे घ्यायला दर वेळी नको नको म्हणतात आणि अब्बा दर वेळी त्यांच्या खिशात कोंबतात. हा कार्यक्रम दहा मिनिटे चालतो. मग चहा.

बांधावर चटई टाकून आम्ही असर पढलो. मग अब्बांनी डबा उघडला.

त्या डब्याबद्दल सांगायलाच हवे, कारण आमच्या माहेरी त्याच्यावरून भांडणे झाली आहेत. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजवायची, त्यात मंद आचेवर भाजलेले बेसन, मूठभर कणीक आणि बडीशेपेची पूड. हे सगळे अम्मीच्या पातेल्यात. गोळा इतका घट्ट हवा की पाण्यात पडल्यावर पाच मिनिटे तरी सुटू नये, आणि इतका मऊ की माशाने ओढला तर तोंडात जावा. आधी दोन मोठे गोळे करून बसायच्या जागेसमोर फेकायचे. तो चारा, पाहुण्यांना बोलावणे म्हणा. मग अर्धा तास काही करायचे नाही. गांडूळ किंवा जिवंत बेडकी अब्बा गळाला लावत नाहीत. एका जिवाला टोचून दुसऱ्याला बोलावणे त्यांना बरे वाटत नाही.

अब्बांची काठी बांबूची. नायलॉनची दोरी, तिला वाटाण्याएवढे शिसे, आणि वर तरंगायला मोरपिसाचा देठ. मुलाच्या काठीला सगळे चकचकीत. पण मासा कोणत्या पाण्यात आहे हे काठीला ठाऊक नसते. कटला वरच्या थरात फिरतो. त्याचे डोके मोठे आणि तोंड वर वळलेले, वरचे खायला केलेले. रोहू मधल्या पाण्यात; त्याचे ओठ जाड, कडेला झालर लावल्यासारखे, खवले लालसर. मृगळ तळाशी चिखलात, त्याचे तोंड खाली वळलेले. एकाच तळ्यात तिघे तीन मजल्यांवर राहतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत, म्हणून त्यांना एकत्र सोडतात. कॅम्पातल्या तीन मजली इमारतीत असे जमत नाही, हे मी म्हणाले आणि अब्बा हसले. शिसे किती खाली सोडायचे हे या मजल्यांवर ठरते. अब्बांनी हाताने वीत मोजून देठ सरकवला. त्यांना रोहू हवा होता.

हे तिन्ही मासे मूळचे आपल्याकडचे नाहीत, ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली. रोहूचे माहेर गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू. कोकणातल्या या लहान, उतारावर धावणाऱ्या नद्यांत तो नव्हता. त्याला माणसाने आणले. आणि आणून सोडले तरी तो साठलेल्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे अंगाने वाढतो, किलो-दोन किलोचा होतो, मादीच्या पोटात अंडी भरतात. पण ती अंडी टाकायला त्याला पावसाळ्यात फुगलेली, वाहती नदी लागते. तळ्यात पूर येत नाही. अंडी पोटातच जिरून जातात. म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांतून पावसाळ्यात मत्स्यजिरे गोळा करत आणि मडक्यांत पाणी भरून रेल्वेने दूरदूर पाठवत. मडके हलवत राहायचे, नाहीतर पिल्ले गुदमरायची.

हा प्रश्न सुटला १९५७ साली. १० जुलै रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने एका माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोचला आणि वाहत्या नदीशिवाय अंडी मिळवली. त्या कामावरचा जो शोधनिबंध त्याच वर्षी छापून आला, त्यावर दोन नावे आहेत: चौधुरी आणि केरळचे के. एच. अलीकुन्ही. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात, म्हणून हे नाव मुद्दाम लिहिते. १० जुलै हा दिवस आता देशात मत्स्यपालकांचा दिवस म्हणून पाळतात. आज आपल्या बाजारात जो रोहू-कटला येतो, तो जवळपास सगळा त्या सुईचा नातू-पणतू आहे. तळ्यात स्वतःहून पिल्ले घालतो तो सायप्रिनस. पाणवनस्पतींना अंडी चिकटवून मोकळा होतो. पण तोही परका: एक जात १९३९ साली निलगिरीत आणलेली, दुसरी १९५७ साली बँकॉकहून.

हे सगळे मी मुलाला सांगत होते आणि तो ऐकत नव्हता, हेही सांगायला हवे. त्याचे लक्ष पाण्यावर होते. तळ्यावर आल्यापासून त्याने मोबाइल एकदाही काढला नव्हता, म्हणून मीही गप्प झाले.

वाट पाहण्यात एक तास गेला. या मासेमारीत दाखवण्यासारखे काही नसते. देठ पाण्यावर उभा, वारा आला की किंचित कलतो, पुन्हा उभा. बगळा पलीकडच्या काठावर आपल्यापेक्षा चांगले बसतो. मामा बांधावरून फिरत आले आणि उन्हाळ्याची कथा सांगू लागले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. दिवसा शेवाळ तो बनवते, पण रात्री तेच शेवाळ तो खाते, त्यामुळे पहाटे मासे वर येऊन आ वासतात. गेल्या आठवड्यात त्यांनी पहाटे तीनला पंप लावून पाणी उडवले, तरी दहा-बारा कटले उलटे झालेच.

"ते खाल्ले का?" मुलाने विचारले.

मामांनी ते पुरले होते. पण प्रश्न आमच्या घरातला जुना आहे. माझे सासर कोकणी, शाफई; माहेर हनफी. आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा हनफी मतात खात नाहीत, शाफई मतात चालतो. माझ्या सासूबाई आणि अब्बा एका दस्तरखानावर बसले की या विषयावरून एकमेकांची हसत-हसत फिरकी घेतात. मला विचाराल तर आपल्या भागात, जिथे वरून कोणते पाणी झिरपून येते याची खात्री नाही, तिथे मेलेला मासा का मेला हे कळल्याशिवाय तो घरी न नेणेच शहाणपणाचे. सासूबाईही यावर मान हलवतात, मात्र मत बदलले असे म्हणत नाहीत.

सहाच्या सुमारास मुलाच्या काठीला पहिला मासा लागला. चाक कर्रकन फिरले, तो उभाच राहिला, "नाना! नाना!" अब्बा जागेवरून म्हणाले, "ढील दे. खींच मत. थकने दे उसको." पाचेक मिनिटांनी काठाशी आला तो कटला, पाऊण किलोचा असेल. मुलाने ओल्या हाताने अलगद गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरून मला फोटो काढायला सांगितले, मी काढला. आणि त्याने वाकून तो पाण्यात सोडून दिला.

अब्बा काही बोलले नाहीत, म्हणून मला कळले की त्यांना आवडलेले नाही.

"नाना, सगळे असंच करतात," मुलगा म्हणाला. "धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा. मारायचा नाही. याला रहम म्हणतात."

"खाना नहीं था तो पकड़ा क्यों?" अब्बांनी पाण्यावरची नजर न हलवता विचारले. "उसके मुँह में काँटा गया, जान पे बनी, पाँच मिनट लड़ा. तेरे फोटो के लिए. ये रहम है?"

परदेशात आणि आपल्याकडेही, पवईच्या तलावावर हौशी मंडळींची जी जुनी संघटना आहे तिथेही, मासा परत सोडण्याची रीत मानतात. तिच्यामागे विचार आहे: मासे कमी होत चालले आहेत, आनंद मिळाला की पुरे. अब्बांचा विचार दुसऱ्या घरातून येतो. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, अशी आपल्याला नबींची मनाई आहे. शिकार हलाल आहे ती भुकेसाठी. केवळ खेळ म्हणून जिवाला त्रास देणे त्यांना पटत नाही, मग शेवटी सोडला तरी. म्हणून त्यांचा हिशेब ठरलेला: घरी चार तोंडे, शेजारी एक, एवढा मासा झाला की काठी गुंडाळायची, मग उजेड असो वा नसो. तळ्यात मासे उड्या मारत असताना त्यांना काठी गुंडाळताना मी पाहिले आहे, आणि शेजारच्या गळवाल्यांना त्यांच्याकडे वेड्यासारखे बघतानाही.

मी मनातून अब्बांच्या बाजूने होते. पण तेवढ्यात त्यांचा देठ थरथरला. या माशांच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात; ते आमिष चावत नाहीत, ओठांनी चोखून आत घेतात. म्हणून आधी देठ नुसता कापतो, आणि उतावळा माणूस तिथेच झटका देतो. अब्बांनी दिला नाही. देठ दोनदा कापला, आडवा झाला आणि सरळ पाण्याखाली गेला. मग मनगटाची एक हालचाल. बांबू वाकला. चाक नाही, जास्तीची दोरी नाही, आहे ती काठीच माशाबरोबर फिरवत न्यायची. अब्बा उठले, गुडघ्याचे त्यांना त्या वेळी भान नव्हते, आणि चिखलाच्या कडेने माशाच्या मागे मागे चालू लागले. मुलगा स्वतःची काठी टाकून त्यांचा हात धरायला धावला. शेवटी त्यानेच पाण्यात उतरून मासा उचलला.

रोहू. दीड किलोच्या वर. संध्याकाळच्या तिरप्या उजेडात त्याचे खवले तांब्याच्या नव्या भांड्यासारखे. आणि पोट फुगलेले.

"मादी आहे," मामा म्हणाले. "गाबोळीनं भरलीय."

मुलगा मासा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "नाना, हिच्या पोटात लाखभर पिल्लं आहेत. हिला मारणं रहम आहे का?"

अब्बांकडे उत्तर नव्हते. त्यांनी मामांकडे पाहिले. मामांनी सांगितले ते मी वर लिहिलेच आहे: इथे ही अंडी कधीच बाहेर पडणार नाहीत, पाऊस आला तरी नाही, जिरून जातील. मुलाने मग विचारले, "म्हणजे कुणी बी आणून सोडलं नाही तर?"

"तर हाय ते मासं संपलं की संपलं," मामा म्हणाले. "मग सायप्रिनस आन् बेडकं."

त्यांचा ठेका यंदा संपतो. दर वर्षी पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की ते बोटुकली आणतात, बोटाएवढी पिल्ले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून टेम्पोने. पिशवी आधी बांधलेलीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार होईपर्यंत. लगेच ओतली तर पिल्ले दचकून मरतात. यंदा आणावीत की नाही हे त्यांचे ठरत नव्हते. बांधाच्या पलीकडे दोन शेते विकली गेली आहेत, प्लॉटचा फलक लागला आहे, बोअर मारली आहे, आणि तळे गेल्या वर्षापेक्षा हातभर जास्त आटले आहे. ठेका पुढे कुणाला, किती वर्षांचा, हे ग्रामपंचायत ठरवील. एक वर्षासाठी कोण बी टाकणार? पिल्लू ताटात यायला दहा-बारा महिने लागतात.

मुलाने मासा ओल्या गोणपाटात ठेवला. बोलला काही नाही. मीही त्याला उत्तर द्यायला गेले नाही. त्याचा प्रश्न मामांच्या माहितीने अर्धाच सुटतो असे मला वाटते.

सात वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य गेला. तळ्यावर वुजू केला, पाणी वरून कोमट आणि हात खोल घातला की गार. तिघांनी मगरिब पढली. करंजावर बगळ्यांची भांडणे चालू होती. सलाम फेरला तेव्हा समोर पाण्यात काहीतरी मोठे उसळले, आणि मुलाने अब्बांकडे पाहिले. अब्बा दोरी गुंडाळत होते. हिशेब पुरा झाला होता. मुलाने आपले चाकही बंद केले.

ज्या घरांत समुद्राच्या माशाची सवय आहे, तिथे रोहूला दोन कारणांनी नाके मुरडतात. एक, चिखलाचा वास. तुकडे करून मीठ, हळद आणि लिंबू चोळून अर्धा तास ठेवा, मग धुऊन घ्या, वास जातो. दोन, काटे. रोहूच्या मांसात दोन फाट्यांचे बारीक काटे असतात, ते पाठीकडच्या भागात आणि शेपटीकडे जास्त. मुलांना पोटाकडचा तुकडा द्या, तिथे फक्त मोठ्या फासळ्या असतात, हाताने निघतात. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते तेव्हा बोंबील-पापलेटवाल्या सासरीही या तळ्याच्या माशाची आठवण निघते, हे मी पाहिले आहे.

रात्री नऊला अम्मीने मासा कापला. डोके आणि शेपटी कालवणाला, मधले तुकडे तळायला. गाबोळीचे दोन लांब पिवळसर लोळे निघाले. ते तिने वेगळ्या वाटीत ठेवले. ते कुणाचे हे विचारायची गरज नव्हती.

अब्बांच्या खोलीची आणि शेजारच्या खोलीची भिंत एकच आहे, बराकीची जुनी भिंत. पलीकडे जे वृद्ध सिंधी गृहस्थ राहतात त्यांना आम्ही लहानपणापासून दादा म्हणतो. नवव्या वर्षी आईबरोबर कराचीहून बोटीने आले. अब्बा पहिल्यांदा रोहू घेऊन आले तेव्हा दादांनी तो परातीत पाहून त्याला नावाने हाक मारल्यासारखे केले, "अरे साईं, ये तो डंभरो है!" सिंधमध्ये रोहूला डंभरो म्हणतात. सिंधूच्या काठच्या त्यांच्या गावात हाच मासा यायचा. पल्ला तर सिंधी लोकांचा मानाचा मासा, झुलेलाल त्यावरच बसलेले दाखवतात. पण पल्ला समुद्रातून नदीत चढणारा, महाग, सणाचा. रोजचा तो डंभरो. सिंधमध्ये उडेरोलाल इथे झुलेलालचे स्थान आहे, तिथे हिंदू आणि मुसलमान दोघे जातात, मुसलमान त्यांना जिंदा पीर म्हणतात, हेही दादांनीच मला शाळेत असताना सांगितले होते. आता त्यांना ऐकू कमी येते, दात नाहीत, काट्याचा मासा सूनबाई देत नाहीत. गाबोळी चालते. तिला ते आनी म्हणतात. लसूण, कोथिंबीर, टोमॅटोत शिजवलेली, चमच्याने खाण्याजोगी.

वाटी घेऊन मुलगा गेला. मी दारातून पाहत होते. दादा खाटेवर बसून होते, त्यांनी वाटीवरचे झाकण उचलून वास घेतला.

"डंभरो?" त्यांनी विचारले.

"हां दादा. नाना ने पकड़ा."

"तूने नहीं?"

"मैंने भी पकड़ा," मुलगा त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला. "छोड़ दिया."

दादांना नीट ऐकू आले की नाही कोण जाणे. त्यांनी वाटी सुनेकडे दिली आणि मुलाला बाजूला बसवून घेतले. घरी परत आल्यावर त्याने मला विचारले, मामांची बोटुकली साधारण कोणत्या तारखेला येते. मी म्हटले पावसावर आहे, आणि ठेक्यावर. त्याने मोबाइलमध्ये मामांचा नंबर टाकून घेतला.